सगळ्यांचंच व्हर्जन सोळा

“मॅडम, तुमच्या मशीनवर ऑफिस कुठलं टाकू?”

आयटीतल्या मुलाचा हा प्रश्न ऐकून मी गडबडलेच. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मशीन यायचं, त्यावर जे असेल ते असायचं, आणि स्क्रीन रीडर त्याच्याशी जुळवून घ्यायचा. म्हणजे मी जुळवून घ्यायची.

मी पूर्ण अंध आहे. कामाचा सगळा संगणक कानानं चालवते, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम वापरून. जुन्या मशीनवर विंडोज ७ होतं आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१०. त्या ऑफिसचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० लाच संपलेला. एनव्हीडीएनं २०२४.१ पासून विंडोज ७ सोडलं, त्यामुळे माझा एनव्हीडीएही २०२३.३.४ वर थांबलेला. तिघं म्हातारे एकमेकांचे हात धरून बाकावर बसावेत तसा कारभार होता. त्यातला एक उठवला की बाकीच्यांनाही उठावं लागणार होतं, म्हणून मी कुणालाच उठवत नव्हते.

माझ्या या चिकटपणाला कारण होतं. ऑफिस २००७ आलं तेव्हा मेनू गेले आणि रिबन आली. डोळस माणसाला रिबन म्हणजे समोर मांडलेलं दुकान. कानाला मात्र ती एकामागून एक ऐकावी लागणारी लांबच लांब यादी असते. मेनूत खाली-खाली जात राहिलं की हवं ते सापडायचं. रिबनमध्ये टॅब, त्यात गट, गटात बटण, बटणाआड आणखी एक यादी. तेव्हा कितीतरी आठवडे मी साधं टेबल घालायला चाचपडले होते. मग ऑल्टच्या साखळ्या पाठ केल्या आणि बोटं आपोआप चालायला लागली. गंमत म्हणजे २००३ च्या काही साखळ्या अजून चालतात. एक्सेलमध्ये ऑल्ट, ई, एस दाबा, पेस्ट स्पेशल आजही उघडतं, जरी तो एडिट मेनू जाऊन जमाना झाला. तर, पुन्हा तसे आठवडे नकोत म्हणून मी २०१० ला धरून होते.

“जे आहे तेच टाक,” मी म्हणाले.

“ते आता नाही टाकता येणार. २०१६ चं लायसन्स पडून आहे, २०२१ घेता येईल, नाहीतर वर्गणीवरचं ३६५. तुम्हाला कुठलं बोलतं ते सांगा.”

‘कुठलं बोलतं’ हा त्याचा शब्द मला आवडला. पण खरं तर कुठलंच ऑफिस बोलत नाही. बोलतो स्क्रीन रीडर, आणि तोही पडदा बघून बोलत नाही. तो प्रोग्रामला विचारतो: कर्सर कुठे आहे, इथे काय लिहिलंय, हे हेडिंग आहे का, कडेला कुणी कमेंट टाकलीय का? प्रोग्राम जेवढं सांगेल तेवढंच माझ्या कानावर येतं. हे विचारायचे रस्ते मात्र एकापेक्षा जास्त आहेत, आणि माझी सगळी शोधाशोध शेवटी त्या रस्त्यांपाशीच जाऊन पोचली.

वर्डपुरतं बोलायचं तर दोन मोठे रस्ते. एक जुना, वर्डच्या ऑब्जेक्ट मॉडेलचा. दुसरा नवा, यूआय ऑटोमेशनचा. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड नावाचा एक विभाग आहे. तिथे शिरताना तो आधी धोक्याची सूचना देतो आणि आपण समजून-उमजून आलोय असा चेकबॉक्स टिक करायला लावतो. तिथे वर्डसाठी कुठला रस्ता धरायचा हे ठरवता येतं. आपण काही बदललं नाही तर एनव्हीडीए स्वतः ठरवतो: वर्डचं बिल्ड, म्हणजे व्हर्जनचा पूर्ण आकडा, १६.०.१५००० किंवा त्यापुढचं असेल तर नवा रस्ता, नसेल तर जुना.

हे वाचल्यावर मी आयटीतल्या मुलाला विचारलं, “तुझ्याकडच्या २०१६ चं व्हर्जन काय?”

“सोळा.”

“आणि २०२१ चं?”

तो थोडा थांबला. “सोळाच दिसतंय. ३६५ चंही सोळा.”

२०१० म्हणजे १४, २०१३ म्हणजे १५ (२००७ म्हणजे १२; तेरा आकडा मधे गाळलाच आहे). पण २०१६ पासून २०१९, २०२१, २०२४ आणि ३६५, सगळ्यांचं व्हर्जन १६.०. फरक त्यापुढच्या आकड्यात. आणि तिथे एक पाचर आहे. संस्थांना एकगठ्ठा लायसन्सवर मिळणारं २०२१, ज्याला एलटीएससी म्हणतात, त्याचं बिल्ड १४३३२. म्हणजे पंधरा हजारांच्या अलीकडे. तेच २०२४ च्या एलटीएससीचं १७९३२, म्हणजे पलीकडे. सुटं विकत घेतलेलं २०२१ मात्र वेगळ्या वाटेनं अपडेट होतं आणि त्याचा आकडा पुढे सरकत राहतो. एकाच नावाची दोन ऑफिसं, शेजारी-शेजारी दोन मशीनवर, आणि तोच एनव्हीडीए त्यांच्याशी दोन वेगळ्या रीतींनी बोलणार. आता कुणी मला ‘२०२१ चांगलं चालतं’ म्हणालं की मी आधी विचारते, कुठलं? फाईलमधून अकाउंटमध्ये जायचं, तिथे ‘अबाउट वर्ड’, की पूर्ण आकडा ऐकू येतो.

आकडे कळले, पण आकड्यांनी काम होत नाही. मी आयटीकडून एक रिकामं मशीन तीन आठवड्यांसाठी मागून घेतलं. पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी केली. एनव्हीडीएच्याच टूल्स मेनूतून ती करता येते आणि मशीनवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यावरच माझ्या रोजच्या पाच फायली घेतल्या. नमुन्याची फाईल घेऊन तपासण्यात अर्थ नसतो, ती सगळीकडे चालते. माझ्या फायली मुद्दाम त्रासातल्या निवडल्या: जवळपास दोनशे पानांचा अहवाल, हेडिंग आणि तळटीपांसकट, चार जणांनी ट्रॅक चेंजेसमध्ये चिवडलेला एक मसुदा, एक फॉर्म, एक मराठी पत्रव्यवहाराची फाईल, आणि ती एक्सेल शीट. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पहिले दोन दिवस फुकट गेले, आणि दोष माझाच होता. ३६५ वर अहवाल उघडला तर खालचा बाण दाबल्यावर ओळ बोलायला अर्धा-पाऊण श्वास वेळ लागायचा. दोनशे पानांना अर्धा श्वास म्हणजे जीव जातो. मी मनातल्या मनात ३६५ वर काट मारून टाकली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पोर्टेबल कॉपी करताना मी जुन्या मशीनवरचं सेटिंग जसंच्या तसं उचललं होतं. त्यात डॉक्युमेंट फॉरमॅटिंगखालचं जवळजवळ सगळं चालू: फॉन्टचं नाव, आकार, रंग, ओळीचा क्रमांक, स्पेलिंगच्या चुका. एका कुठल्याशा कामासाठी चालू केलेलं आणि बंद करायचं राहून गेलेलं. प्रत्येक ओळीला एनव्हीडीए वर्डला इतके प्रश्न विचारत होता की उत्तर यायला वेळ लागणारच. हेडिंग, टेबल, कमेंट आणि पान क्रमांक एवढंच ठेवलं आणि बाण झरझर चालायला लागला. फॉन्ट कळायची गरज पडलीच तर एनव्हीडीए की धरून एफ दाबलं की त्या जागेपुरती माहिती मिळते, मग ती सतत कशाला ऐकायची? एका बिचाऱ्या व्हर्जनला मी माझ्या पसाऱ्यापायी नापास करणार होते.

दुसरा घोळ हसण्याजोगा. लांब फाईल ड्राफ्ट व्ह्यूमध्ये हलकी चालते असं ऐकलं होतं. ड्राफ्टचा शॉर्टकट कंट्रोल+ऑल्ट+एन. माझ्या जुन्या मशीनवर बसून दाबला, तर आवाजच गेला, आणि मग एनव्हीडीए सुरू होतानाचे सूर वाजले. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. वर्ड एनव्हीडीएला पाडतंय असं समजून मी आयटीला फोन करणार, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. एनव्हीडीए इन्स्टॉल केल्यावर तो सुरू करायचा शॉर्टकटही कंट्रोल+ऑल्ट+एनच असतो. मी ड्राफ्ट मागत होते आणि विंडोज मला नवा कोरा एनव्हीडीए आणून देत होतं. आता ऑल्ट, डब्ल्यू, ई असं सुटं-सुटं दाबते.

मेलमधून आलेल्या फायलींचा प्रश्न वेगळा. त्या प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरत्या उघडतात, आणि तिथे ऑब्जेक्ट मॉडेलचा दरवाजा बंद असतो. जुन्या मशीनवर अशा फायलीत एच दाबून हेडिंगवर उडी मारायला गेलं की काहीतरी बिनसायचं आणि मी फाईल बंद करून पुन्हा उघडत बसायचे. नव्या बिल्डवर एनव्हीडीए दुसऱ्या रस्त्यानं आत शिरतो. तरी माझी सवय अशी झालीय की फाईल विश्वासातल्या माणसाची असेल तर आधी एनेबल एडिटिंग, मग वाचन.

मसुद्यानं मात्र मला खरंच वळवलं. चार जणांच्या दुरुस्त्या, त्यावर कमेंटा, कमेंटांना उत्तरं. २०१० मध्ये कमेंटला उत्तर देण्याची सोयच नव्हती, त्यामुळे नवीन ऑफिसात कुणी दिलेली उत्तरं माझ्याकडे सुट्या कमेंटा होऊन यायच्या आणि कोण कुणाला काय म्हणालं हे मला अंदाजानं जुळवावं लागायचं. ‘हो, हे काढून टाका’ असं कानावर आलं की काय काढायचं हे कळायला वरची तीन पानं पुन्हा ऐकायची. हा त्रास मी इतकी वर्षं स्क्रीन रीडरच्या खाती घालत होते. तो होता जुन्या व्हर्जनचा. ३६५ वर तोच मसुदा उघडला आणि संवाद संवादासारखा ऐकू आला. एनव्हीडीए की आणि एफ ७ दाबून कमेंटांची यादीही काढता येते, पण मला यादीपेक्षा तो क्रम हवा होता.

दुसरी वळवणारी गोष्ट म्हणजे ऑल्ट+क्यू. ही सोय २०१६ पासून आहे, म्हणजे इतकी वर्षं होती आणि मला पत्ताच नव्हता. ऑल्ट+क्यू दाबा, हव्या त्या आज्ञेचं नाव टाइप करा, खालचा बाण, एंटर. रिबनच्या दुकानात शिरायलाच नको, काउंटरवरच्या माणसाला सांगायचं आणि त्यानं आणून द्यायचं. रिबनच्या भीतीनं मी २०१० ला चिकटले होते, आणि रिबन टाळायचा मार्ग २०१० सोडल्यावर मिळाला.

मग २०१६ का नाही? ते आयतं पडून होतं, आणि फायली सोप्या, हलक्या असतील तर आजही कान दुखवत नाही. पण २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि मला पुन्हा बाकावर बसायचं नव्हतं. शिवाय सहकाऱ्यांच्या शीटमध्ये एक्सलूकअप हे एक्सेलचं नवं फंक्शन असतं. ते २०२१ आणि ३६५ मध्ये आहे, २०१९ पर्यंत नाही. २०१६ वर त्या सेलचं सूत्र ऐकलं तर ‘_एक्सएलएफएन’ अशा काहीतरी अक्षरांनी सुरुवात. डोळस माणूस ते बघून क्षणात समजतो की फंक्शन जुन्या एक्सेलला माहीत नाही. मी मात्र उच्चार बिघडला असं समजून अक्षर-अक्षर ऐकत बसले.

फुकटातलं काही बघितलंच नाही असं नको, म्हणून लिबरऑफिसही लावलं. उघडल्यावर माहेरी आल्यासारखं वाटलं: खरेखुरे मेनू! ऑल्ट दाबा, बाणांनी फिरा. स्क्रीन रीडरशी बोलायला त्याला पूर्वी मध्ये जावा ॲक्सेस ब्रिज लागायचा; आता विंडोजवर ते आयॲक्सेसिबल २ मधून थेट बोलतं. एकटीनं लिहायचं असतं, तर कदाचित मी तिथेच राहिले असते. पण माझी प्रत्येक फाईल चार जणांच्या ऑफिसातून फिरून परत येते. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना मांडणी जरा हलली, तर डोळस माणसाला ते दिसतं. मला दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत कळत नाही. हा धोका मला घ्यायचा नव्हता.

ब्राउझरमधल्या गूगल डॉक्सवर एक संध्याकाळ घालवली. तिथे आधी कंट्रोल+ऑल्ट+झेड दाबून स्क्रीन रीडरची सोय चालू करावी लागते आणि एनव्हीडीए फोकस मोडमध्ये ठेवावा लागतो. हे न करता ‘काहीच वाचत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात, मीही त्यातलीच एक होते. चालतं. पण ब्राउझरचे शॉर्टकट वेगळे, डॉक्सचे वेगळे, एनव्हीडीएचे तिसरे, आणि बोटं तीच दहा. एकत्र बसून लिहायला मी ते वापरते, रोजच्या कामाला नाही.

जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरवरही तपासलं, कारण आमच्याकडची दुसरी एक अंध सहकारी तोच वापरते आणि फायली दोघींच्या हाताखालून जातात. जॉज जुना खेळाडू, १९८९ साली डॉससाठी आला आणि १९९५ मध्ये विंडोजवर. लायसन्सशिवाय तो चाळीस मिनिटं चालतो, मग मशीन रीस्टार्ट करावं लागतं. चाळीस मिनिटांचं हे घड्याळ डोक्यावर असलं की चाचणी भलती नीटस होते. मी कागद-पेन्सिलवाली नाही, तरी मोबाइलमध्ये आधी यादी बोलून ठेवायची आणि मगच जॉज सुरू करायची. त्याच्यावरही निकाल तोच आला: कमेंटांसाठी नवं बिल्ड.

मध्येच एकदा आयटीतल्या मुलानं विचारलं, “मॅडम, हे सगळं तुम्हाला ऐकू येतं, मला कसं कळणार काय बिघडलं?” एनव्हीडीएच्या टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, तो लावून दिला. जे बोललं जातं ते खिडकीत लिहून येतं. तो दहा मिनिटं गप्प बसून वाचत होता. मग म्हणाला, “अहो, हे ‘बटण, बटण, बटण’ काय आहे?” मी म्हटलं, “तुमच्या त्या ॲड-इनचा टूलबार. बटणांना नावंच दिलेली नाहीत.” त्या दिवसानंतर त्याला मला काही समजावून सांगावं लागलं नाही, आणि मलाही त्याला.

मराठी फाईलनं सगळ्याच व्हर्जनना सारखं छळलं. देवनागरी मजकुरावर वर्डनं इंग्रजी भाषेचा शिक्का मारलेला असला आणि एनव्हीडीएत भाषा आपोआप बदलायचं सेटिंग चालू असलं, की मराठी वाक्य इंग्रजी आवाजाच्या तोंडी जातं. मी ते सेटिंग बंदच केलंय. ई-स्पीकचा मराठी आवाज इंग्रजी शब्द थोडे ठसक्यात म्हणतो, पण चालतं. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या फायलींना मात्र कुठलंच ऑफिस वाचवू शकत नाही. पडद्यावर मराठी दिसतं, खाली रोमन अक्षरं असतात, आणि कानावर तीच पडतात.

३६५ ठरल्यावर आणखी एक प्रश्न राहिला, जो मला आधी प्रश्न वाटलाच नव्हता: अपडेट किती वेळा? त्याचे चॅनल असतात. करंट चॅनलवर नवीन गोष्ट तयार झाली की येते. सेमी-ॲन्युअलवर वर्षातून दोनदा. आयटीचा कल दुसऱ्याकडे, म्हणजे कटकट कमी. माझाही आधी तोच होता. पण स्क्रीन रीडरशी संबंधित एखादी दुरुस्ती झाली तर तिच्यासाठी सहा महिने थांबायचं? आणि करंटवर राहिलं, तर मंगळवारी सकाळी बटण जागेवर आणि दुपारी गायब. आम्ही मधला घेतला, मंथली एंटरप्राइज. तो महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो. तारीख माहीत असली की बुधवारी काही वेगळं ऐकू आलं तर स्वतःवर शंका घ्यायला नको. आणि त्या आठवड्यात मी एनव्हीडीए अपडेट करत नाही. दोन्ही एकदम बदलले की चोर कोण, हे कधीच सापडत नाही.

आउटलुकचं क्लासिकच ठेवायला सांगितलं. नवीन आउटलुक आतून वेबपान आहे. वेगळी जात, वेगळ्या सवयी. एका वेळी एकच स्थलांतर पुरे.

राहिली ती एक्सेल शीट. सव्वीस कॉलम, आणि वर तीन ओळींची शीर्षकं, त्यात शोभेसाठी सेल मर्ज केलेले. एनव्हीडीएत शीर्षकाच्या ओळीवर एनव्हीडीए की+शिफ्ट+सी दाबलं की पुढे प्रत्येक सेलला कॉलमचं नाव आधी बोललं जातं, आणि ही खूण फाईलमध्येच जपली जाते. सुंदर सोय आहे. पण मर्ज केलेल्या सेलखाली चार कॉलम असले तर कुठल्या कॉलमला काय नाव, हे ऐकून कळेना. मी ती शीट २०१६ वर ऐकली, २०२१ वर ऐकली, ३६५ वर ऐकली, लिबरऑफिसमध्ये ऐकली, जॉजच्या चाळीस मिनिटांतली वीस तिच्यावर घालवली. सगळीकडे गोंधळ तोच.

शेवटी ज्यानं ती बनवली होती त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. रिव्ह्यूमधलं चेक ॲक्सेसिबिलिटी चालवायला लावलं. ही तपासणी माझ्या त्या जुन्या २०१० पासून ऑफिसात आहे. त्यानं मर्ज केलेल्या सेलची यादी वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि सातव्या-आठव्याला थांबला.

“हे मी केलंय?” तो म्हणाला.

“तूच केलंयस.”

त्यानं ती शीट दुपारपर्यंत सोडवून दिली. तीनऐवजी एकच शीर्षक-ओळ केली. संध्याकाळी मी नव्या मशीनवर ती उघडली, शिफ्ट+सीची खूण केली, आणि उजवा बाण धरून सव्वीसच्या सव्वीस कॉलम एका दमात ऐकले. सतराव्याच्या नावात एक स्पेलिंग चुकलेलं होतं. ते त्यालाही दिसलं नव्हतं.